पोर्ट्रेटमध्ये चेहरा मुद्दाम हलता ठेवायचाय, पण बघणारे म्हणतात ‘फोटो हललाय’

ओट्यावरची (पाचोरा)

नमस्कार मंडळी. मी काकांच्या स्टुडिओत बसते. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, मध्येच कुणाची झेरॉक्स. दिवसभराचं खरं काम म्हणजे लोकांच्या तोंडावरचे डाग पुसणं. “ताई, जरा गोरं करा ना” हे दिवसातून किती वेळा ऐकते ते विचारू नका.

आता मुद्द्याचं. माझे वरचे दात पुढे आहेत. हसू आलं की उजवा हात आपोआप तोंडावर जातो, शाळेपासूनची सवय. गेल्या उन्हाळ्यात गल्लीत बिबड्यांचं वाळवण चाललं होतं, तिथे मी बायकांचे फोटो काढत होते. कॅमेरा डोळ्याला लावला की प्रत्येकीचं काहीतरी हलतंच. कुणी पदर दातात धरते, कुणी पिठाच्या हातानेच बट कानामागे सारते आणि मग कानाला पीठ लागतं. मोठ्या काकू मान अशी वळवतात की आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत त्यांचा फक्त कान आहे. मला हे हलणंच पकडायचंय. कुणी आपल्याकडे बघतंय हे कळल्यावर माणूस जे करतो, ते.

म्हणून शटर हळू ठेवून, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवून काढतेय. जिन्याखालची खोली, एक दार उघडं, ट्रायपॉड, ५० एमएमची लेन्स, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) १००. शटर १/१५ सेकंद ठेवलं तर बोटं जेमतेम ओघळतात आणि बघणारा म्हणतो फोकस चुकला. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करून अर्धा सेकंद ठेवलं तर चेहराच जातो, डोळ्यांच्या जागी दोन काळे फराटे. मधलं काही हाती लागत नाहीये.

जळगावला ओळखीतल्या काही जणांचं छोटं प्रदर्शन आहे, तिथे लावायचेत. काकांना दाखवले तर म्हणाले, “हे गिऱ्हाइकाला दाखवू नको, पैसे परत मागतील.” काकू म्हणाल्या, “मन्हं तोंड कोठे गयं वं?” खाली चिठ्ठी चिकटवून समजवायचं नाहीये, मुद्दाम केलंय हे फोटोतच दिसायला हवं.

आणि जे सगळ्यात जास्त खटकतंय ते शेवटी विचारते. स्वतःचे काढते तेव्हा दात नेमके धूसर येतात आणि मला बरं वाटतं. मग हे डाग पुसण्यापेक्षा वेगळं कसं?

---

भुसावळचा जुना शटर

ताई, आधी तांत्रिक भाग निस्तरू, बाकीचं तत्त्वज्ञान पोरं सांगतील.

एकाच उजेडाकडून तुम्ही दोन कामं मागताय, म्हणून मधलं सापडत नाही. साफ चेहरा एका उजेडाने घ्या, हलणं दुसऱ्याने. म्हणजे फ्लॅश लावा. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, तेवढ्यात कुणी हलू शकत नाही. त्यानंतर शटर उघडं राहतं तोवर दारातून येणारा उजेड पुढचं सगळं लिहीत जातो.

इथे एक बारकावा. बरेच जण सांगतील की दुसऱ्या पडद्याचा सिंक लावा, म्हणजे शटर मिटायच्या जरा आधी फ्लॅश. गाडी, नाच, धावणारा घोडा यांना तो बरोबर, कारण रेघ मागे राहते आणि वस्तू पुढे येते. तुमच्या कामाला पहिल्या पडद्याचा हवा, म्हणजे शटर उघडताक्षणी फ्लॅश. कारण सांगतो. उभं आयुष्य लग्नं काढण्यात गेलं माझं. फ्लॅश उडाला की माणसाला वाटतं, झालं. नवरी रोखलेला श्वास सोडते, नवरदेवाची छाती खाली बसते, वरमाय पदर सावरते. तुमचं शटर त्या वेळी अजून उघडंच आहे! आधी दाखवायचा चेहरा छापला जातो आणि त्याच्यावरच सुटलेला चेहरा. तुम्हाला हवंय ते यातच आहे.

पण मागे काळोख पाहिजे. पांढऱ्या भिंतीपुढे माणूस हलला की भिंत त्याच्या तोंडातून आरपार दिसते, भूतच. गडद चादर टांगा. फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून सुरू करा आणि झोत छतावर मारा, तोंडावर नको. शटर १/४ ते १/२ सेकंद. उघड्यावर भर उन्हात हे जमायचं नाही. आयएसओ १०० ला एफ/१६ वर, म्हणजे अगदी बारीक अ‍ॅपर्चरवरसुद्धा १/१०० च्या आसपास शटर लागतं, म्हणजे १/४ साठी पाचेक स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळा फिल्टर पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यात त्यापेक्षा जिन्याखालची खोली बरी, माणूसही वितळत नाही.

---

निंबोळी (धुळे)

मी थोडं कडू बोलणार आहे.

सध्या ज्याला त्याला धूसर चेहरे काढायचेत. कारण सोपं आहे, चेहरा दिसला नाही की बघणारा आपल्या मनाचं भरतो आणि छायाचित्रकार खोल वाटतो. तुम्ही तसं करताय असं नाही. पण धूसरपणा कशाचा आहे हे आधी ठरवा. जुन्या काळची ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरून घ्या. जन्म १८१५, कोलकात्यातला. हातात कॅमेरा आला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. फोकस नीट नाही म्हणून त्या काळच्या जाणकारांनी तिला नावं ठेवली, पण तिने तो बदलला नाही. तिच्याकडे बसणाऱ्यांना बराच वेळ स्थिर राहावं लागायचं आणि माणूस थोडा तरी हलायचाच. तरी तिचे चेहरे लाजरे वाटत नाहीत. उलट मोठे, भारदस्त वाटतात. नुसता धूसरपणा म्हणजे संकोच, असं काही नसतं.

याउलट फ्रान्सेस्का वुडमन. अमेरिकन छायाचित्रकार, १९८१ मध्ये बाविसाव्या वर्षी गेली. ओसाड घरांमध्ये स्वतःचेच फोटो काढायची, शटर लांबवून. तिचं शरीर ओघळलेलं असतं, पण पोपडे आलेली भिंत आणि फरशी अगदी खणखणीत. त्यामुळे कळतं की कॅमेरा जागेवर होता, बाई हलली. मुद्दाम केलंय हे फोटोतच कसं दिसावं, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. काहीतरी टोकदार राहू द्या. खुर्चीचा पाय, दाराची कडी, काहीही. सगळंच धूसर असेल तर काका म्हणतात तेच खरं.

तिसऱ्या, दातांच्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेनेच मिळेल. दात स्वच्छ दिसणारा स्वतःचा एक फोटो त्या मालिकेत लावा. हिंमत होत नसेल तर बाकीचे लपवण्यासाठीच आहेत.

---

ओट्यावरची

भुसावळच्या दादांचं लगेच करून बघितलं. काळी चादर मिळाली नाही, काकांच्या बॅकड्रॉपची निळी बाजू उलटी केली. फ्लॅश छताकडे, शटर १/३. बहिणीला म्हटलं, मला हसव.

आलेला फोटो असा आहे. डोळे आणि कपाळ साफ. तोंड उघडं, दात दिसतायत, फ्लॅशने धरलेत ते. आणि त्यांच्यावरून हात वर येतोय, पातळ दुधासारखा, आरपार. बोटं वेगळी मोजता येत नाहीत. बांगड्यांच्या मात्र हिरव्या बारीक कमानी उठल्यात, एकामागे एक. दात हाताखाली आहेत आणि तरी दिसतात. हे मला स्वतःहून सुचलं नसतं.

निंबोळी, कॅमेरून-वुडमनबद्दल आभार, खुर्चीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण परीक्षा मान्य नाही. लाजणाऱ्याने आधी लाज सोडल्याचा पुरावा द्यावा, मग त्याच्या लाजेचा फोटो खरा, हा कुठला न्याय? “हनुवटी वर, इकडे बघा, हसा” हे आम्ही स्टुडिओत रोज करतोच. काकूंची मान धरून सरळ केली तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो होईल. त्यांचा कानच त्यांचा चेहरा आहे असं मला वाटू लागलंय.

---

निंबोळी (धुळे)

बरं, परीक्षा मागे घेतो. हिरव्या कमानींचा फोटो मालिकेत पहिला लावा. त्यात दोन्ही आहे, दातही आणि हातही. मग पुढच्या धूसर फोटोंवर कुणी लपवल्याचा आळ घेणार नाही.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

वाचतोय सगळं. आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. जमलं तर प्रदर्शनाआधी येऊन जा, पाचोऱ्याहून रेल्वेने काय लांब आहे. हा माणूस वर्षानुवर्षं जवळपास घराबाहेर पडला नाही आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंमधून त्याने अख्खे देखावे उभे केले. गावात त्यांच्या एकांताच्याच गोष्टी जास्त चालतात, फोटो कमी बघितले जातात, याचा मला राग येतो. लोकांपासून दूर राहिलेल्या माणसाचं काम इतकं रेखीव असू शकतं, हे बघायला तरी या.

---

केळीचं पान

मोबाइलवर जमेल का हे? माझ्याकडे कॅमेरा नाही. पोर्ट्रेट मोड लावला तर मी साफ आणि मागचं धूसर येतं, नेमकं उलटं.

---

भुसावळचा जुना शटर

जमेल, पण साध्या मोडमध्ये नाही. फोन एकामागून एक फ्रेम घेऊन जुळवतो आणि हललेलं स्वतःच दुरुस्त करतो, तुमची सगळी मेहनत पाण्यात. प्रो मोड (सगळं हाताने ठरवायचा मोड) असेल तर त्यात शटर १/४, आयएसओ सगळ्यात कमी, फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि टायमर लावा. खोलीत उजेड कमीच ठेवा, फोनचं अ‍ॅपर्चर बहुतेक बदलत नाही.

पाचोऱ्याच्या ताई, बॅकड्रॉपची निळी बाजू चालेल, फक्त फ्लॅश तिच्यावर पडू देऊ नका, माणूस दोन-तीन हात पुढे बसवा. आणि काकूंचा काढाल तेव्हा फ्लॅशनंतर “झालं” असं मोठ्याने म्हणा. मग बघा मान कशी येते.

---

ओट्यावरची

म्हणजे काकूंना फसवायचं! बघते. त्यांना आधी सांगून टाकेन, नाहीतर बिबडे मिळायचे नाहीत.

प्रिंटचं कुणी सांगेल का? आमच्या लॅबला ग्लॉसीच येतं, मॅट मागवावं लागतं. १२ बाय १८ इंच ठरवतेय.

---

निंबोळी (धुळे)

मॅटच मागवा. ग्लॉसीवर हॉलचे दिवे चमकतात आणि आधीच मंद असलेले भाग पार दिसेनासे होतात. १२ बाय १८ पुरे. आणि लॅबवाल्याला स्पष्ट सांगा की शार्पनिंग (कडा टोकदार करणं) बंद ठेव. नाहीतर तो बिचारा चांगल्या मनाने तुमचे फोटो ‘दुरुस्त’ करून पाठवेल.