मदत हवी आहे: बाथरूममध्ये ४×५ शीट फिल्म धुवायची आहे

मंडळी, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बाथरूमचीच तात्पुरती डार्करूम करतोय. एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मच्या ४×५ इंची सुट्या शीट ट्रेमध्ये धुवायच्या आहेत. फिल्म पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड टिपणारी, त्यामुळे लाल दिवासुद्धा चालत नाही, मिट्ट काळोखच हवा. खिडकीच्या काचपट्ट्यांवर आतून काळं रेक्झिन लावलंय, दाराखाली जाड टॉवेल. तरी आत थांबून डोळे सरावले की बिजागऱ्यांच्या बाजूने उजेडाची बारीक रेघ दिसतेच. तिथे रोज काढता-घालता येईल असं काय लावावं? चिकटपट्टी ओलीने सुटते.

खरी काळजी तापमानाची आहे. डी-७६ डेव्हलपरच्या (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) स्टॉकमध्ये, म्हणजे पातळ न करता, २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात आणि उन्हाळ्यात टाकीचं पाणी तिशीच्या घरात असतं. तेवढ्या गरम डेव्हलपरमध्ये वेळ पाच मिनिटांच्या खाली जातो, मग फिल्म एकसारखी न धुतली जाऊन फोटोतल्या आकाशात पट्टे येण्याची भीती. मोठ्या परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवला तर तापमान टिकेल का? की १:१ पातळ करून २४ अंशांवरच काम करावं? उन्हाळ्यात कुणी केलंय का असं?

शीट उभी धरून तिच्या कडेची खाच वर उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) आपल्याकडे, हे अंधारात बोटांना कळतं. पण ट्रेमधल्या अनेक शीट एकत्र खालून वर फिरवताना एकीचा कोपरा दुसरीला ओरखडतो. नवख्याने एकेकच धुवावी का?

वापरलेल्या फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात) फिल्मवरची चांदी उतरलेली असते, ते मोरीत ओतायचं नाहीये. एक्स-रेचं फिक्सर गोळा करणारे एवढं थोडं घेतात का? पुण्यातल्या कुणाला माहिती असेल तर जरूर सांगा.