मोठी सेदान नव्याने येते, बुड मात्र तिथेच घासतं

मागची_सीट
परवा इथे एकाने ‘नव्या मोठ्या सेदानकडून माझ्या अपेक्षा’ म्हणून यादी टाकली: पंधरा इंची स्क्रीन, काचेचं छप्पर, १९ इंची अलॉय, दारांत रंगीत दिवे. वाचून डोकं फिरलं. मागे बसणाऱ्याचं त्यात एकही कलम नाही. पन्नास लाखांची सेदान आपल्याकडे चालवतो ड्रायव्हर आणि वापरतो मागचा माणूस.

टोयोटाची कॅमरीच घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये नवी आली, तेव्हा शोरूम किंमत ४८ लाख. चेहरा नवा, डॅशबोर्ड नवा, पाचव्या पिढीची हायब्रिड यंत्रणा, २३० पीएस, कागदावर लिटरला २५.४९ किमी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर? २८२५ मिमी, २०१९ च्या गाडीचा होता तोच. सांगाडाही तोच, टीएनजीए-के. मागची पाठ बटणाने कलते, आर्मरेस्टवर एसी आणि गाण्यांची बटणं आहेत, ते चांगलंच. पण १४५५ मिमी उंचीच्या गाडीत गुडघे दुखणारा माणूस शिरतो डोकं वाकवून आणि उतरतो चौकटीला लोंबकळून. मला हवं ते एवढंच: बसकण तीन सेंटिमीटर वर, १७ इंची चाकं, हाताला लागणारी बटणं आणि पूर्ण मापाची स्टेपनी.

घाटवळण
म्हणजे तुम्हाला इनोव्हा हायक्रॉस हवी आहे. जाऊन घ्या ना! व्हीलबेस २८५०, कॅमरीपेक्षा जास्त, बसकण उंच. सेदानच्या मागे का लागता? सेदान बुटकी असते म्हणून तर ताम्हिणीच्या वळणात कलत नाही. बसकण वर नेली की माणसांचं वजन वर गेलं, छप्परही वर न्यावं लागतं, मग डोलणं रोखायला अँटीरोल बार (डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) जाड करा, तो जाड केला की एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो. फुकट काही मिळत नाही.

चालवणाऱ्याला काय हवं ते स्कोडाच्या सुपर्बला कळलं होतं. तिसऱ्या पिढीतली १.८ टीएसआय पेट्रोल आठवा: मॅन्युअलला ३२० एनएम टॉर्क, त्याच इंजिनाला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) लावली की २५०. कारण तो कोरड्या क्लचचा डीक्यू२००, त्याला त्याहून जास्त पेलत नाही. सुधारणा तिथे हवी होती. चौथी पिढी युरोपात नोव्हेंबर २०२३ ला दाखवली. आपल्याकडे एप्रिल २०२४ ला ५४ लाखांना शंभर गाड्या आल्या, त्या जुन्या तिसऱ्या पिढीच्या! यावर कुणी बोलत नाही.

टॉर्कवाला
मूळ दुखणं वेगळंच आहे. डिझेल गेलं आणि मोठी सेदान मेली. सुपर्बचंच २.० टीडीआय डिझेल घ्या: १७७ पीएस, ३५० एनएम, ६६ लिटरची टाकी, वर ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीक्यू२५०. दर ६० हजार किमीला गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदला, कुरकुर नाही. नवीन गाडीत काय हवं? डिझेल हवं.

पानापकड
टॉर्कवाला, प्रत्येक धाग्यात हेच. डीपीएफमधली, म्हणजे डिझेलच्या धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला एग्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास जावा लागतो. कोथरूड ते हिंजवडी रांगत जाणाऱ्या गाडीत तो जात नाही. फिल्टर तुंबतो, गाडी पुनःपुन्हा जाळायचा प्रयत्न करते, अर्धवट राहिलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. ज्यांचं रोज हायवेवर जाणं आहे त्यांनी डिझेल मागावं, बाकीच्यांनी गप्प बसावं.

आता मुद्द्याचं. बसकण वगैरे ठीक, पण मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा टाकल्या की सेदानचं बुड घासतं. म्हणून लोक पळाले.

घाटवळण
बुड गाडीमुळे घासत नाही, गतिरोधकांमुळे घासतं. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक, आयआरसी ९९ वाचा: गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, ताशी २५ ला ओलांडण्याजोगा. त्यावर २८२५ व्हीलबेसची गाडी चढली की चारही चाकं एकाच वेळी उंचवट्यावर असतात. मधला उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा जेमतेम ५९ मिमी वर येतो. हिशोब सोपा आहे, निम्म्या व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट. भरलेली गाडीही निघते.

मागची_सीट
आणि असा गतिरोधक महाराष्ट्रात कुठे बघितलात? आमच्याकडे ग्रामपंचायतीने रात्रीत ओतलेला दीड-दोन फूट रुंद आणि १५ सेंमी उंच असतो. पुढची चाकं पार, मागची अजून यायचीत, मधे पोट. पोटाखालच्या जागेतून ५९ नाही, पूर्ण १५० मिमी वजा. गाडी या रस्त्यावर विकायची असेल तर या रस्त्यासाठी बनवा.

घाटवळण
म्हणजे कुणीतरी बेकायदा सिमेंट ओतलं म्हणून माझी गाडी टांग्यासारखी करायची? धन्य!

पानापकड
भांडा, पण दरम्यान लोक काय करतात ते सांगतो. ॲक्सेसरीच्या दुकानातून स्प्रिंगमध्ये रबरी बफर नाहीतर स्ट्रटवर १५–२० मिमीचे स्पेसर घालून घेतात. नवीन गाडीत हे करू नका. ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांवरचे (सीव्ही जॉइंट) रबरी बूट लवकर फाटतात. व्हील अलाइनमेंट बिघडतं. हेडलाइट वर बघायला लागतो. आणि आता या गाड्यांत कॅमेरा आणि रडार आहेत. उंची बदलली की त्यांचं कॅलिब्रेशन परत करावं लागतं, ते दुकानदार करत नाही आणि वॉरंटीचं काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. उंची द्यायची तर कारखान्यातूनच, त्या उंचीला जुळणाऱ्या स्प्रिंग आणि डँपरसकट.

तोवर अरुंद गतिरोधक तिरपा ओलांडा. चाकं एकेक करून चढतात, पोट आणि उंचवटा समोरासमोर येत नाहीत. आणि पुढचं चाक चढायच्या आधी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं, पुढचा बंपर तिथेच फाटतो.

घाटवळण
मागे गाडी असताना तिरपा? छान. पाठचा दुचाकीवाला नेमका त्याच बाजूने घुसतो.

पानापकड
आरसा बघून, साहेब. आरसे सगळ्या व्हेरियंटमध्ये मिळतात.

मागची_सीट
चाकांचं बोला ना. कॅमरीला २३५/४५ आर१८ मापाचे टायर आहेत. टायरची भिंत १०६ मिमी. २१५/५५ आर१७ घातले तर भिंत ११८ मिमी आणि बाहेरचा व्यास तोच, ६६८ मिमीच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटरही चुकत नाही. दोन्ही मापांत लोड इंडेक्स ९४ मिळतो, एका टायरला ६७० किलो. खड्ड्यात रिम वाकण्याआधी १२ मिमी रबर जास्त. हे कंपनीने का देऊ नये?

घाटवळण
शोरूममध्ये १७ इंची चाकावर ती गाडी उपाशी दिसते, म्हणून. बरं, चाकांचं मान्य. २० मिमी रुंदी कमी झाल्याने ओल्या घाटात पकड थोडी जाईल, ती तुमच्या मागच्या सीटला कळणार नाही, मला कळेल. आणि ब्रेक कॅलिपरवर १७ चं रिम बसतं का ते बघितल्याशिवाय दुकानात धावू नका. बटणांबद्दल वाद नाहीच. नव्या सुपर्बमध्ये फिरवायच्या तीन डायल परत आल्यात, आणि युरो एनकॅपच्या (गाड्यांना सुरक्षेचे गुण देणारी युरोपातली संस्था) २०२६ च्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न वगैरेंना खरी बटणं नसतील तर गुण जातात.

टॉर्कवाला
कराचंही बोला. आधी हायब्रिडला ४३ टक्के आणि मोठ्या पेट्रोल सेदानला ४८ होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना ४०. हायब्रिडची सवलत गेली. मग बॅटरीचं ओझं कशाला वाहायचं?

पानापकड
ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद राहतं म्हणून. पण हायब्रिड घेणाऱ्यांना एक सांगतो: मागच्या सीटखालच्या जाळीतून बॅटरीचा पंखा हवा ओढतो. त्यावर जाड सीटकव्हर, चादर, पिशव्या ठेवल्या की बॅटरी तापते. आतला फिल्टर सर्व्हिसला साफ करून घ्या, मागितल्याशिवाय कुणी हात लावत नाही. पुढच्या सीटला साधं कव्हर घातलं तर बाजूची एअरबॅग अडते, ते वेगळंच.

मागची_सीट
आणि स्टेपनी? २०२० च्या नियमाने टायरच्या हवेची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं की स्टेपनी नाही दिली तरी चालते. किटमधला डिंक तळव्यातलं खिळ्याचं भोक बुजवतो. खड्ड्याने भिंत फाटली की तो नुसता वाहून जातो. समृद्धीवर १२० च्या वेगाने निघालेल्या माणसाला मेहेकरजवळ तो डिंक काय कामाचा?

घाटवळण
समृद्धीवर निघण्याआधी टायर थंड असताना हवा बघितली असती तर मेहेकर गाठलं नसतं का? दाराच्या चौकटीवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वाचतो कोण. तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो आणि लोक हवा सोडतात, मग टायर आणखी तापतो.

मागची_सीट
हवा बरोबर असली तरी लोखंडाचा तुकडा टायरची भिंत कापतोच. स्टेपनी द्या.

पानापकड
तर ट्रायलला जाताना एकटे जाऊ नका. मागे तीन मोठी माणसं बसवा, डिकीत ४० किलो टाका, मग पुढच्या जॅक पॉइंटपासून जमिनीपर्यंत टेप लावा. रिकाम्या गाडीचं मापही घ्या. दोघांतला फरक कंपनीच्या पत्रकात छापलेला नसतो. सेल्समन वजन टाकू देत नसेल तर सरळ त्यालाच मागे बसवा.