अध्यादेशांवर चालवलेलं राज्य: दोष घटनेचा की कारभाराचा?

धागा: अधिवेशन चालू नसेल आणि तातडी असेल, तरच राज्यपालांनी अध्यादेश, म्हणजे विधिमंडळाशिवाय तात्पुरता कायदा, काढायचा. विधिमंडळ भरलं की सहा आठवड्यांत तो संपतो. राज्यघटनेचं कलम २१३ एवढं स्पष्ट आहे. तरी बिहारने १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश काढले आणि तेच पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले. अधिवेशन संपलं की सगळ्या खात्यांना परिपत्रक जायचं: अध्यादेश पुन्हा काढायचे असतील तर पाठवा, मजकूर जुनाच असेल तर मंत्रिमंडळाच्या मंजुरीची गरज नाही. म्हणजे आमदार सोडाच, मंत्र्यांनीही बघायचं नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतले संशोधक डी. सी. वाधवा हे न्यायालयात घेऊन गेले नसते तर कोणाला पत्ता लागला असता?

प्रतिसाद १: घटनेचा मजकूर आणि व्यवहार यांत तफावत दिसली की लगेच विश्वासघात म्हणू नका. राष्ट्रपतींवर मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे, असं मूळ कलम ७४ मध्ये नव्हतंच. ते १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आलं. त्याआधीची पंचवीस वर्षं प्रथेनेच संसदीय लोकशाही सांभाळली. व्यवहार मजकुराच्या पुढेही जातो.

धागाकर्ता: मान्य. पण त्या प्रथेने निवडून आलेल्यांचा अधिकार पक्का केला. बिहारच्या रिवाजाने त्यांनाच वगळलं. दोन्ही एका मापाने कशी मोजणार?

प्रतिसाद २: आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारचा हा रिवाज घटनाबाह्य ठरवलाच की. यंत्रणा चालली. उशिरा का होईना.

प्रतिसाद ३: चालली? त्या निकालानंतर, १९८९ पासून, त्याच बिहारने खासगी संस्कृत शाळा ताब्यात घेण्यासाठी अध्यादेशांची मालिका लावली. एकही विधिमंडळापुढे ठेवला नाही. १९९२ मध्ये मालिका संपली आणि शिक्षक अधांतरी. सात न्यायमूर्तींचा निकाल आला २०१७ मध्ये: अध्यादेशातून कायमचा हक्क नाही, फक्त दिलेला पगार परत घेऊ नका. सरकारच्या शब्दावर विसंबलेल्या माणसांची पंचवीस वर्षं गेली. अध्यादेशावर सही करणाऱ्यांचं काय बिघडलं?

प्रतिसाद २: शिक्षकांवर अन्याय झाला, हे खरं. तरी न्यायालयाने दुसरं काय करायचं? जो कायदा झालाच नाही, त्यावर नोकऱ्या कायम केल्या असत्या तर पुढचं सरकारही तेच करून मोकळं झालं असतं.