मदत हवी आहे: शाळेचा प्रश्न ग्रामसभेत ठरावापर्यंत कसा न्यायचा?

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी यंदा पालक सदस्य म्हणून आले आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर आमचं ते सगळं बरोबर आहे. पण बैठक म्हणजे रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेणं, असंच चालत आलंय. शाळा विकास आराखडा करणं हे समितीचं काम (कलम २२), पण तो बहुतेक पालकांनी पाहिलेलासुद्धा नाही.

मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही. मोठ्या मुली दुपारीच घरी निघून जातात, ते बघवत नाही. विषय काढला की समितीत म्हणतात, 'ते ग्रामपंचायतीचं.' तिथे गेलं की, 'जिल्हा परिषदेला लिहा.' पाठपुरावा कुणीच करत नाही.

आता समितीचा लेखी ठराव करून ग्रामसभेत मांडायचा विचार आहे. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असतील तेवढे लागतात. आम्ही आया मिळून तेवढी माणसं जमवू. विषयपत्रिकेवर विषय येण्यासाठी अर्ज किती दिवस आधी द्यावा? आयत्या वेळच्या विषयांत मांडला तर चालतो का? आणि खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरला जावा म्हणून ठरावात नेमकं काय लिहावं?

मुख्याध्यापक समितीचे सचिव आहेत, त्यांच्याशी वाकडं घ्यायचं नाही. कुणी असा ठराव करून घेतला असेल तर मसुदा पाठवाल का?