प्रति: आल्याचं तेल तिखट असतं का?

वर म्हटलंय की आल्याचं तेल तिखट असतं, म्हणून अत्तरात ते बेतानंच घालावं. बेतानं घालावं हे पटलं, कारण मात्र वेगळं आहे. तिखटपणा आल्यातल्या जिंजेरॉल या घटकाचा, आणि आलं वाफवून तेल काढताना ते वाफेबरोबर वर येतच नाही, भांड्यातल्या चोथ्यातच राहतं. वाफेवर काढलेल्या तेलात मुख्यतः झिंजिबेरीन हा वासाचा घटक असतो. वास उबदार, थोडा लाकडासारखा. तिखट घटकही हवे असतील तर दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं काढलेला अर्क घ्यावा.

चर्चेत राहून गेलेली गोष्ट सालीची. तेलाच्या पेशी सालीलगतच दाटीनं असतात. बाजारात सोललेली पांढरी सुंठ भाव खाते, पण तेलासाठी न सोललेलीच चांगली. आमच्या साताऱ्याकडे गड्डे काढले की माती धुऊन ओलंच आलं विकायची पद्धत. त्या ओल्या आल्याचं तेल वेगळंच निघतं: सिट्रल हा लिंबासारख्या वासाचा घटक टिकून असल्यानं लिंबाची तरतरी येते, सुंठीच्या तेलात ती बरीचशी हरवते. ताज्या गड्ड्याची बोटं मोडून हुंगा, लगेच कळेल. ओल्यात पाणीच जास्त, म्हणून उतारा कमी आणि तेल महाग. तरी उन्हाळी अत्तराला मी तेच घेईन.