स्कॅजिटचे बांध फोडावेत का?

भरतीची_वाट: ट्यूलिप बघायला स्कॅजिटला गेलो आणि बांधच बघत बसलो. अमेरिकेत सिएटलच्या उत्तरेला ही स्कॅजिट नदी समुद्राला मिळते. तिथली खाजणं (भरतीचं पाणी शिरणारी दलदल) शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बांध घालून शेतीखाली आणली. चिनूक सॅमनची पिल्लं नदीतून उतरली की लगेच समुद्रात जात नाहीत. खाजणातल्या बारक्या ओहळांत काही आठवडे, कधी महिनेसुद्धा राहतात, किडे खाऊन वाढतात, खाऱ्या पाण्याला सरावतात. ती जागाच गेली. प्युजेट साउंडचा (ही नदी मिळते त्या खाडीचा) चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त यादीत आहे. माझं मत: फोडा बांध.

बटाटाभाजी: फोटो काढून झाले, आता शेती नको! तिथे बटाटा होतो, बीट-पालक-कोबीचं बियाणं होतं. सिएटलला वीज देणारी रॉस, डायब्लो, गॉर्ज ही तीन धरणं त्याच नदीवर आहेत. ती पाडा म्हणाल? दंड मात्र शेतकऱ्याला.

भरतीची_वाट: याच खाडीला मिळणाऱ्या निस्क्वाली नदीच्या मुखाशी २००९ मध्ये १९०४ च्या सुमाराचा बांध काढून ७६२ एकर भरतीला मोकळे केलेच ना? शिवाय १९७४ च्या बोल्ट निकालाने (न्यायाधीश बोल्ट यांच्या) इथल्या आदिवासी जमातींना माशांत अर्धा वाटा मिळाला. मासाच नसेल तर अर्धा कशाचा?

बटाटाभाजी: वाट्याचा मुद्दा मान्य. पण निस्क्वालीची जागा १९७४ पासून अभयारण्य होती, तिथे कोणाचं पोट नव्हतं. हे उदाहरण इथे चालणार नाही.

खारेपाट: माझं आजोळ पेणकडे. उधाणात बांधाला खांड पडली की भात जातं, मग कांदळवन उगवतं आणि स्वतःच्या शेतातलं झाड तोडायचीही चोरी. मामाला विचारलं तर तो बटाटाभाजींच्या बाजूने उभा राहील. (खाडीतला जिताडा मासा मात्र त्याला ताटात हवाच!) तरी मधला मार्ग आहे. स्कॅजिटच्याच मुखाशी फर आयलंडला २०१६ मध्ये आत नवा बांध घातला, मग जुना काढला. १३१ एकर खाजण परत आलं आणि मागची शेतं कोरडी राहिली.

बटाटाभाजी: तीही जागा सरकारीच होती हो.

खारेपाट: म्हणून तर म्हणतो, आधी बाजारभावाने विकत घ्या. आणि मागे सरकवलेल्या बांधाची डागडुजी कोण करणार, ते खरेदीखतातच लिहा. आमच्याकडे खांड पडल्यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

भरतीची_वाट: विकत घ्यायला हरकत नाही. पण कोणी विकलंच नाही तर?