मराठी उच्चारांचं न्यूरल मॉडेल: 'लोकसभा'चं 'लोकस्भा' का होतं?

प्रश्न
लिखित शब्दावरून उच्चार काढणारं एलएसटीएम (क्रमाने वाचताना मागचं लक्षात ठेवणारं न्यूरल नेटवर्क) एन्कोडर-डिकोडर मॉडेल ९,००० शब्दांवर शिकवलंय. एन्कोडर शब्द वाचतो, डिकोडर उच्चार एकेक करून लिहितो. चाचणीत अचूकता उत्तम. नव्या मजकुरात मात्र 'लोकसभा'चं 'लोकस्भा' होतं, 'चंद्र'मधला च 'चाक'सारखा येतो आणि लांब शब्दांत एखादं अक्षर दोनदा उमटतं. थर वाढवूनही फरक नाही.

प्रतिसाद १
अक्षर दोनदा येतं ते डिकोडरमुळे. मराठीत लेखन आणि उच्चार जवळजवळ एकास एक जुळतात, मग डिकोडर हवाच कशाला? न लिहिलेला अ आधी उघड मांडा: 'करतो' म्हणजे क् अ र् अ त् ओ. प्रत्येक अ-ला 'राहतो' किंवा 'जातो', च-ज-झ-ला 'दंत्य' ('चाक'सारखा) किंवा 'तालव्य' ('चंद्र'सारखा), एवढीच लेबलं लावायची. दोन्ही दिशांनी वाचणारा १२८ युनिटांचा एक एलएसटीएम थर, ड्रॉपआउट (शिकवताना काही युनिट अधूनमधून बंद ठेवणं) ०.३, पुरे. त्याआधी युनिकोड (अक्षरांचे संगणकी संकेत) एकसारखा करून घ्या. 'दुसऱ्या'तला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. मॉडेलला ते दोन वेगळे शब्द दिसतात.

प्रतिसाद २
ती अचूकता फसवी असणार. शब्द सरसकट पिसून वाटले की 'समजला' शिकवणीत आणि 'समजली' चाचणीत जातो. वाटणी धातू आणि मूळ शब्दांनुसार करा, खरा आकडा दिसेल.

'लोकसभा'चं म्हणाल तर मॉडेल नियम बरोबर शिकलंय. शेवटाकडून येताना दोन स्वरयुक्त अक्षरांमधला अ गळतो: उलटा-उल्टा, समजला-समज्ला. तोच नियम इथे 'स'चा अ खातो. पण 'सभा' हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा पहिला अ गळत नाही. समासाचा सांधा इनपुटमध्येच दाखवा, 'लोक+सभा'. सांधा दाखवला नाही तर प्रत्येक सामासिक शब्द पाठच करावा लागेल.

प्रतिसाद ३
च-बद्दल. पुढे इ, ई, ए, य असेल तर तो बहुधा तालव्यच, हे मॉडेल लगेच पकडतं: 'त्याचा' दंत्य, 'त्याची', 'त्याच्या' तालव्य. अ, आ, उ, ओ-पुढे खरी अडचण. चाक, चोर दंत्य. चंद्र, चरण तालव्य, कारण ते तत्सम. त्यातही 'चारा' दंत्य आणि आकडा 'चार' तालव्य! अक्षरांत ही माहितीच नाही, म्हणून शब्दकोशातून 'तत्सम' अशी खूण जोडा आणि अपवादांची यादी वेगळी ठेवा. 'जरा' (थोडं) दंत्य, 'जरा' (म्हातारपण) तालव्य. तिथे अख्खं वाक्यच द्यावं लागतं.

एकदाच शिकवून काढलेल्या निकालावर (एकाच रनवर) विसंबू नका. इंग्रजी भूतकाळी रूपांच्या मॉडेलांवर २०१९ मध्ये कॉर्करी, मातुसेविच आणि गोल्डवॉटर यांनी दाखवलं, की रचना तीच ठेवून नुसते सुरुवातीचे वेट (मॉडेलमधले आकडे) बदलले तरी बनावट शब्दांवरचे निकाल बरेच हलतात. पाच वेगळ्या सीडवर (सुरुवातीचे वेट ठरवणारा आकडा) चालवा, 'चुमका', 'लोजडा' असे बनावट शब्द द्या आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट रनही नोंदवा.